अहवालातलं प्रसूतिगृह

प्रिय मुहन्नद,

तुझं पत्र घेऊन आलेला ड्रायव्हर बाहेर चहा पितोय. उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं त्याला दटावलंय. रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षर चालवून घे. तुमच्या बगदादच्या पुनर्बांधणी ऑफिसात याहून वाईट गोष्टी चालवून घेतात.

संत्री यंदा भरपूर लागलीत. आईचे गुडघे तसेच. आणि लढाईनंतर बांधलेलं आमचं नवं प्रसूतिगृह, जिथली मी डॉक्टर म्हणवते, तेही तसंच. उद्घाटनाला उंबरठ्यावर मेंढा कापला, भिंतीवर रक्ताचे पंजे उमटवले. पैसे देणाऱ्या परदेशी साहेबांनी बुलेटप्रूफ जाकीट न उतरवता फीत कापली आणि चहाला हातही न लावता निघून गेले. मग मी हात धुवायला नळ सोडला, तर नळामागे पाइपच नाही! शस्त्रक्रियेचं टेबल आलं, त्याचा फोटो निघाला आणि दुसऱ्याच दिवशी कंत्राटदार अबू गस्सान ते ट्रकवर चढवून पुढच्या गावी घेऊन गेला. तिथेही फोटो. मी आडवी आले तर म्हणतो कसा, "डॉक्टरीणबाई, कशाला डोकं पिकवता? फोटो वर पोचला, म्हणजे टेबल तुम्हाला पोचलं." जनरेटरचा नुसता चौथरा आहे. चौकीदार त्यावर कपडे वाळत घालतो.

हे सगळं तुला कळवलं होतं. तू उत्तर पाठवलंस, "तक्रारीची नोंद घेतली आहे." सख्ख्या बहिणीला! ईदला आलास तेव्हा माझ्याच हातचे खजूर भरलेले क्लेचे खात मला समजावत होतास, "ताई, रस्ते धड नाहीत, निरीक्षक येणार कसे? कंत्राटदाराच्या फोटोंवरून मी महिन्याचा अहवाल करतो. काम अपुरं म्हणून लाल खूण केली की वरचे माझी सालटी काढतात. हिरवी केली की सगळे खूश." सगळे म्हणजे कोण रे? मार्चमध्ये बाळंतपणात अडलेल्या शेजारच्या सब्रियाला टॅक्सीत घालून मी शहराकडे निघाले. पुलावरच्या चौकीत अडवलं. "गावात नवं प्रसूतिगृह चालू असताना शहरात कशाला?" शिपाई हटेचना, तुमच्या अहवालावरून केलेल्या त्याच्या यादीत तसं लिहिलं होतं. माझ्या मांडीवर गेली ती, आणि पोटातलं बाळही. त्या महिन्यातही तू आम्हाला हिरवंच दाखवलंस. तुझं तोंड बघू नये, असं वाटलं मला.

आणि आज हे तुझं पत्र. दिवस भरत आलेल्या रशाला गुरुवारी माझ्याकडे पाठवतोयस. बगदादमध्ये रोज स्फोट होतात, तिचं पहिलं बाळंतपण सिझेरियनचं, म्हणून "तुझ्याकडे सुसज्ज प्रसूतिगृह आहे, आता काळजी नाही." अरे, सुसज्ज आहे हे तुला सांगितलं कुणी? तूच ना! तूच लिहिलंस, तूच सही केलीस, आणि आता त्याच्यावरच विसंबून बायकोला इकडे धाडतोस? इथे टेबल नाही, पाणी नाही, भूल द्यायला माणूस नाही. तिला तिथल्याच इस्पितळात ने. आणि ताईकडे का पाठवत नाहीस, ते तिला स्वतःच्या तोंडाने सांग.

तुझीच ताई,
नजला