पन्नास पौंड बर्फ

३ जुलै १९१२, बुधवार

आज खिडकीत पन्नासची पाटी लावली. लाज वाटली, पण लावली!

बर्फाच्या पेटीत कालची लादी जवळजवळ तशीच होती. एकट्या बाईला लागतं किती? बाटलीभर दूध, लोण्याचा गोळा, एखादा मासा. पण पाटी दिसली नाही तर बर्फाची गाडी खालूनच पुढे जाते. आणि ती पुढे गेली की या घराचं दार दिवसभर कुणी वाजवत नाही.

बर्फवाला वोंद्रा मागच्या लाकडी जिन्यानं धापा टाकत वर आला. खांद्यावर पोतं, पोत्यावर लादी, पाठीवरून पाणी ओघळतंय. पेटीचं दार उघडलं आणि बघतच राहिला. "काय बाई, पांढरं अस्वल पाळलंय का घरात?" म्हटलं, पाहुणे यायचेत. "हो का? कालही यायचे होते!" आणि मिशीत हसला. मला खोटं कधी जमलंच नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सिवर्ट म्हणायचा, तुझं नाक तुझ्याआधी कबुली देतं.

ताक दिलं. उभ्या उभ्या प्यायला. त्याच्या घोडीला हल्ली उन्हाचा त्रास होतो म्हणे, तिला गवताची टोपी घातलीय. गेला. उरलेली लादी धुण्याच्या टबात ठेवली.

४ जुलै, गुरुवार

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. सकाळपासून फटाके. सगळी गल्ली रस्त्यावर, मी खिडकीत. समोरच्या फुटपाथवरून कुणीतरी हात हलवला. मीही हलवला, चांगला जोरात. तो वर गच्चीतल्या पोरांना होता.

७ जुलै, रविवार

रविवारी बर्फाची गाडी नसते. म्हणून रविवार लांबलचक.

चर्चला गेले. पाद्रीबुवा म्हणाले, "कसं चाललंय, मिसेस लुंडे?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढच्या बाईचा हात हातात घेतला. बाहेर पायऱ्यांवर जो तो आपापल्या गोतावळ्यात. "एकदा जेवायला या हं आमच्याकडे!" हे मला सिवर्ट गेल्यापासून, म्हणजे फेब्रुवारीपासून, पाच-सहा जणींनी सांगून झालंय. वार मात्र एकीनंही सांगितलेला नाही.

दुपारी ट्रामनं सरोवराकाठी गेले. बाकावर एक तरुण जोडपं होतं. त्यांनी सरकून जागा दिली. मग आणखी थोडं सरकले. मग उठूनच गेले. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. आम्ही तरी लग्नाआधी कुठे म्हाताऱ्या बाया शोधत फिरत होतो!

८ जुलै, सोमवार

वोंद्राला "या" म्हणायला गेले तर घशातून नुसती खरखर. कालपासून आवाज वापरलाच नव्हता! "सर्दी झाली का बाई? एवढा बर्फ खाऊ नका!" मी हसत सुटले. थांबेचना. शेवटी तो बिचारा घाबरून खाली गेला.

११ जुलै, गुरुवार

आज अब्रू गेली.

दुपारी पायाखालून ठोकाठोक सुरू झाली. कुणी खिळे ठोकतंय म्हणून मी विणत बसले. मग जिन्यावर दाणदाण पावलं आणि दारावर थाप. खालच्या मजल्यावरची मिसेस गेरटी! बाह्या वर, तोंड लालबुंद, हातात झाडू. सात वर्षं एका छपराखाली राहतोय, पण जिन्यात मान हलवण्यापलीकडे शब्द नाही. ती आयरिश, तिचं चर्च वेगळं, माझं वेगळं. आज मात्र एका दमात सात वर्षांचं बोलली.

"वर तळं बांधलंय का हो बाई? माझ्या चुलीवर धार लागलीय! येशूच्या तसबिरीवर ओघळ आलाय, त्याला रडवलंत तुम्ही!"

स्वयंपाकघरात जाऊन बघते तो सगळीकडे पाणीच पाणी. पेटीखालचं तसराळं काठोकाठ भरून वाहत होतं.

तसराळं ओतणं हे सिवर्टचं काम. पेटी त्यानंच बनवली, ओकच्या लाकडाची, सुतारकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोज झोपायच्या आधी वाकायचा, तसराळं ओढायचा, मोरीत ओतायचा, कंबर धरून कण्हत उठायचा. लग्न झाल्यापासून रोज. मी त्या पेटीत ठेवलं, काढलं, ती पुसली. खाली कधी वाकले नाही. तो गेल्यावर आठवण ठेवून ओतायची, पण तेव्हा बर्फ असायचा तो कितीसा! आता लाद्यांवर लाद्या मागवत बसले आणि तो वितळून जातो कुठे, हे डोक्यातच आलं नाही. मूर्ख म्हातारी!

जमीन पुसता पुसता रडू आलं. सिवर्टची फार आठवण आली, तीही कशावरून, तर तसराळ्यावरून! मिसेस गेरटी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "त्या कोपऱ्यात राहिलंय," एवढंच म्हणाली.

१६ जुलै, मंगळवार

पुन्हा तेच! उकाड्यानं खुर्चीतच डोळा लागला आणि तसराळं भरलं.

ती या वेळी झाडू न घेता आली, पण जिभेला हाड नाही ते नाहीच. आणि चक्क बसली. "उभ्यानं भांडवत नाही आता, गुडघे गेलेत." तासभर तोंडाचा पट्टा चालू. आधी मला, मग छताच्या गिलाव्याला, मग घरमालकाच्या एजंटला — मिस्टर पॅजेटला — आणि शेवटी स्वतःच्या मुलीला. नोरा तिचं नाव. गेल्या वर्षी जोगीण झाली, आयोवातल्या मठात राहते. "देवाला दिली म्हणे! देवाकडे काय माणसांची टंचाई होती?" बोलता बोलता माझे वेलदोड्याचे दोन पाव खाल्ले. शिव्या द्यायला अंगात बळ लागतं, खरंय.

जाताना दारात वळली. "अजून एक थेंब पडला ना, तर पॅजेटला सांगेन. मग बघा!"

दोन वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या ब्रूनोंच्या टबाचं पाणी खालच्या दुकानात गेलं होतं. पॅजेटनं आठवड्यात घर खाली करायला लावलं. त्यांच्या खुर्च्या, गाद्या, पाळणा, सगळं फुटपाथवर. मी वरून पडद्याआडून बघत होते. आपण तरी खाली उतरलो का? नाही.

माझ्या वयाच्या एकट्या बाईला दुसरं घर कोण देणार?

२१ जुलै, रविवार

आर्ने आला होता! कंपनीच्या कामाला शिकागोत आला आणि दुपारभर माझ्याकडे. ऑफिसात त्याला सगळे एर्नी म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

"आई, काय करतेस तू या घरात?"

"राहते."

"हे काय उत्तर झालं? मिनियापोलिसला चल. ग्लॅडिसही म्हणते."

"काय म्हणते ग्लॅडिस?"

"म्हणते, शिवणाचं मशीन काय, हलवता येईल."

म्हणजे सूनबाईची शिवणाची खोली, स्वयंपाकघरामागची. खिडकी उघडली की समोर विटांची भिंत. पण खोलीचं मला काही नाही. गेल्या नाताळात ग्लॅडिसनं हळूच सांगितलं होतं, मुलांसमोर नॉर्वेजियन बोलू नका, त्यांचे उच्चार बिघडतात. माझं इंग्रजी तर पाहुण्यांपुढे तिला नकोच असतं. म्हणजे तिथे भरल्या घरात तोंड शिवून बसायचं! त्यापेक्षा इथे भिंतींशी बोललेलं काय वाईट?

गळतीचं त्याला सांगून टाकलं. सांगायला नको होतं. चेहरा खुलला त्याचा! "मग झालंच तर! तिनं तक्रार केली की तुला हे घर सोडावंच लागणार."

"लागलं तर येईन," म्हटलं. शब्द देऊन बसले.

२२ जुलै, सोमवार

पाटी काढली. बर्फ बंद! बर्फ नाही तर पाणी नाही, पाणी नाही तर तक्रार नाही.

गाडी खिडकीखाली थांबली. वोंद्रानं खालूनच हाक मारली, "काय बाई, अस्वल मेलं का?"

"मेलं!"

"अरेरे! कशानं हो?"

एकटं राहून, असं ओठांवर आलं होतं. "उन्हानं," म्हटलं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली, सुतकात धरतात तशी, आणि गाडी हाकली. घोडीची गवताची टोपी छान दिसत होती.

२५ जुलै, गुरुवार

दूध नासलं. लोण्याचं तेल झालं.

२८ जुलै, रविवार

आता सगळेच रविवार.

१ ऑगस्ट, गुरुवार

पॅजेट भाड्याला आला. जीव मुठीत धरून दार उघडलं. भाडं घेतलं, पावती दिली, उकाड्याला नावं ठेवली आणि चालू लागला. गळतीचं अवाक्षर नाही!

मिसेस गेरटीनं अजून सांगितलेलं दिसत नाही. माझ्या डोक्यावर तलवार टांगती ठेवायची असेल. असतात अशी माणसं.

७ ऑगस्ट, बुधवार

जिन्यात तीच भेटली. बटाट्यांची पिशवी घेऊन मधल्या पायरीवर थांबली होती, मला वाटही देईना.

"काय, गळत नाही ते हल्ली?"

"नाही," मी ताठ मानेनं सांगितलं. "एक थेंब पडायचा नाही आता. तुम्ही निश्चिंत राहा."

"हं," म्हणाली. "बरंय मग." तोंड असं केलं की जणू मी तिच्या ताटातलं काढून घेतलं! या बाईला भांडणाशिवाय अन्न गोड लागत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

पाच सेंटवाल्या हलत्या चित्रांच्या खेळाला गेले. अंधारात सगळ्यांबरोबर हसायला बरं वाटलं. दिवे लागले आणि कुणाकडे बघून हसत होते ते कळेना.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज पेटी आतून सोड्यानं धुतली, कोरडी केली, कुबट वास राहू नये म्हणून दार सताड उघडं ठेवलं. जुनं सामान घेणाऱ्याला विचारावं. ओकचं लाकूड आहे, कुणीही नेईल.

माझंच मला हसू येतंय. घर वाचवायला बर्फ बंद केला, आणि आता वाचलेल्या घरात कुणी येत नाही. शुक्रवारी अंडीवाल्याशी बोलले, त्यानंतर आज बोलतेय ती या वहीशी. सिवर्टच्या खुर्चीला काल "सरक जरा" म्हटलं आणि मग भीती वाटली. असंच वेड लागत असेल का माणसाला?

मिनियापोलिसला निदान भांड्यांचा आवाज तरी असेल. मुलं जिन्यावरून धावतील. मी गप्प बसेन, पण ऐकू तर येईल. आर्नेला उद्या कळवते, सप्टेंबरात येऊन ने म्हणून. तक्रारीची वाट कशाला बघायची? घर मीच सोडते. ठरलं.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळीच मिसेस गेरटी वर आल्या. केस नीट विंचरलेले, अंगात चर्चला जातानाचा निळा झगा. "पुन्हा गळतंय हो," म्हणाल्या. "चुलीवरच. धार लागलीय नुसती."

पेटी तीन आठवडे कोरडी आहे. दार सताड उघडं, आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर. त्यांनी पेटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या मानेपर्यंत लाल झाल्या.

मी म्हटलं, "चुकलंच माझं. बसा, कॉफी टाकते."