नकाशावरचा श्री

३ नोव्हें.
ग्लायडर पूर्ण. पंख लावून शेडबाहेर काढलं तर निम्मं नवरोबांच्या, म्हणजे प्रकाशच्या, खळ्यात. भाताचे भारे हलवताना त्याची कुरकुर, ‘तुजं इमान माज्या भातावर बसलंय गो.’ मग स्वतःच फडका घेऊन पुसत बसला.
पण उडवायचं नाय. बिनइंजिनाचं असलं तरी विमानच, सर्टिफिकेट हवं. आणि डिझाइन आपलं नाही. जर्मनीतल्या डिझायनरचा कारखाना बंद पडला, म्हातारा गेला, हक्क त्याच्या मुलीकडे, हानाकडे. ती हक्क आमच्या नावावर करणार की नुसती बनवायची परवानगी देणार, अजून ठरत नाहीये. नुसती परवानगी म्हणजे साधा स्क्रू बदलायचा तरी तिला विचारून.

६ नोव्हें.
सर्टिफिकेटवाल्यांचा मेल. आम्ही पाठवलेल्या ग्लायडरच्या प्रत्येक नकाशावर, वर मधोमध, मुळात नसलेली खूण आहे. हा डिझाइनमधला बदल का? असल्यास मालकाची संमती जोडा.
दोनदा वाचल्यावर ट्यूब पेटली. श्री! माझाच. कोरा काय, छापील काय, कागद समोर आला की हात आपोआप वर जातो. किराण्याच्या यादीवरसुद्धा असतो. हसावं की रडावं?
प्रकाश म्हणे, ‘देवाचं नाव लिवाया परमिशन लागतं काय?’
लागतं बाबा. कागद दुसऱ्याच्या बापाचा असला की लागतं.

७ नोव्हें.
खोडायला बसले. पहिल्याच नकाशावर हात थांबला. खोडलं तर लपवल्यासारखं. सरळ हानाला लिहिलं: कुठलंही काम नीट पार पडावं म्हणून आमच्याकडे आधी हे लिहितात. तुमच्या वडिलांची एकही रेघ हलवलेली नाही. विचारलं नाही, ही चूक माझी.
पाठवलं. आता म्हणेल, यांना कागद दिला की गिरगटतात, हक्क कसले द्यायचे!

११ नोव्हें.
उत्तर नाही.
भाताची झोडणी चालू. सिद्धगडाकडून छान वारा. ग्लायडरचा पंख दोरीनं बैलाच्या खुंट्याला बांधलाय. वारा आला की उचलतो, दोरी ताणते. त्याच्याच सावलीत जेवलो, तांदळाची भाकरी, सुकट. खोटं कशाला लिहू, मजेत आहे मी. फक्त एकदा ती दोरी सोडता यावी...

१५ नोव्हें.
आलं! हाना लिहिते, ‘बाबा प्रत्येक नकाशा सुरू करताना शिट्टी वाजवायचे. ती कागदावर उमटायची नाही, एवढंच.’
खळ्यात धावत जाऊन प्रकाशला वाचून दाखवलं.
सोबत कराराचा मसुदा. हक्क आमच्या नावावर! सही अजून नाही, तिचा वकील बघणार. मग सर्टिफिकेटवाले काय म्हणतात ते वेगळंच.
आणि मसुद्यावर, वर मधोमध, तिनं स्वतः पेनानं काढलेला श्री. माझा बघून गिरवलेला, वाकडातिकडा. वेलांटी मात्र चुकलीय, पहिली दिलीय.
मसुदा छापून घेतला, वेलांटी नीट करायला सवयीनं पेन उचललं. प्रकाशनं मनगटच धरलं.
‘हात नको लावू गो. तिचं डिझाइन हाय.’