पलंग हलवल्यावर

ताई,

आत जाऊ नकोस. आधी हे वाच.

घराच्या एजंटचा फोन आला होता, नेहमीसारखा गोड. म्हणाला, "पलंग खिडकीखालीच बरा होता, आतल्या खोलीत कोंदट होतं." अगं, पलंग आपण काल हलवला, दार लावून, दोघींनीच! नवं कुलूप त्यानंच आणून बसवलं, तेव्हा तू म्हणालीस, किती सज्जन माणूस. मी कुरकुरले तर, तुझं आपलं काहीतरीच!

भांडल्यावर मी जाते तिथेच असेन. तू तिकडे ये. सामान राहू दे, तुझी ती लाडकी इस्त्रीसुद्धा.

निघताना मी पंखा बंद केला होता, तुझी शपथ. आता दाराबाहेर तुझ्या सपातांत ही चिठ्ठी खोचतेय, आणि आत पंख्याची कटकट पुन्हा सुरू झालीय.