आईच्या मनगटावरची तुळस

पेण, गुरुवार, संध्याकाळ

आईच्या हातातून भांड्यांचा काथ्या मी हिसकावून घेतला तेव्हा तिचं मनगट सोललं होतं. गोंदलेली तुळस तशीच हिरवी. ती सात वर्षांची असताना शेजारणीने हौसेने गोंदवलेली. आता दादा म्हणतो, "गोंदलेल्या यहुद्याला कब्रस्तानात जागा नाय." बाबांच्या शेजारची जागा जाईल म्हणून ही घासत बसली.

रोह्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांना फोन लावला, स्पीकरवर. "तोरा ग्रंथात गोंदायला मनाई हाय, काढायची सक्ती नाय. आणि लहान पोरीचा दोष काय?" आईला पटेना. दादाचं लगेच पटतं, धर्म शिकलेल्याचं का नाही? शेवटी काका वैतागले. "वहिनी, माझ्या आयेच्या हातावर विंचू गोंदलेला होता. मीच तिला कब्रस्तानात माती दिली."

काथ्या मी लपवून ठेवला.

शुक्रवारी सकाळी तिने तो शोधून काढला आणि फक्त भांडी घासली.