सुमनचं शेवटचं प्रकरण

८ मार्च, जत
लिहायचं लिहायचं म्हणत महिना गेला. वही पाण्याच्या टँकरच्या सीटखाली, आणि पेनानं आमचा ड्रायव्हर कान कोरतो.
ताईची पैज : बारा जुन्या गाजलेल्या कादंबऱ्या, एकही अर्धी सोडायची नाही. "आयटीआय सोडलंस, भरती सोडलीस, गॅरेज सोडलंस. एक तरी गोष्ट शेवटापर्यंत ने रे." पाच झाल्या. सहावी लय जाड. आज चार पानं. मग विहिरीत कासव दिसलं, दुपार गेली.

११ मार्च
टँकर भरेस्तोवर वाचत बसलो. बिराण्णा धनगरांची मेंढरं शेजारच्या रानात बसवलीत, खतासाठी. जवळ येऊन म्हणाले, "मनातल्या मनात काय वाचतोस? आमी काय पाप केलंय?" मोठ्यानं वाचलं. कादंबरीतली सासू सुमनला, सुनेला, टाकून बोलते तिथं अण्णा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. अर्थ विचारला. "तू ल्हान हाईस अजून."

१५ मार्च
रोज एक प्रकरण. वाक्यावाक्याला अण्णांचा हुंकार. मेंढरं परवाच हलवायची होती, हलवली नाहीत. रानमालक खूश, जादा खत. नव्या कोकराचं नाव ठेवलं सुमन. नाव ठेवलेलं कोकरू अण्णा विकत नाहीत. "हिला सासूबी न्हाई," म्हणाले.

१७ मार्च
खोड नडली. शेवटचं पान आधी बघितलं. सुमन मरते. तीही एकटी, जवळ कुणी नसताना.
संध्याकाळी अण्णा : "आता हिचं दिवस पालटणार बघ."
ताप आलाय म्हणालो.

१९ मार्च, विश्रामबाग
टँकर सोडला. ताईकडं आलो. चार प्रकरणं राहिलीत. एकट्यानं वाचायला बसलो, पण हुंकार नाही तर पान पुढं सरकत नाही.
ताईला सगळं सांगितलं. म्हटलं, अण्णांना फोनवर सांगून टाकतो, जगली सुमन, नांदली सुखानं.
"खोटं सांगणार? एवढे दिवस मेंढरं अडवून ऐकलं त्यांनी."

२१ मार्च
अण्णांचे दोन फोन. नाही उचलले. तिसरा ताईनं उचलला, आत जाऊन बोलली. काय बोललीस? "कणीक मळ." मळली. मध्येच शेजाऱ्याची मोटरसायकल खोलली, अजून जोडायचीय.
सातवी सुरू करावी का? नको. सहावी...

२२ मार्च
पुस्तक मांडीवर, मिटलेलं. खाली ताईचा आवाज : "अण्णा, आधी पाणी घ्या."
खिडकीतून बघितलं. बिराण्णा! मेंढरं सोडून एक रात्र कुठं न राहिलेला माणूस. खांद्यावर घोंगडं, काखेत सुमन.
"आवं अण्णा, मेंढरं?"
"भावाकडं. ताप उतरला का रं?"
मी पुस्तक उचललं.
"ताईनं पत्त्याबिगर काय सांगितलं न्हाई. तुझ्या तापावरनंच कळलं मला. ये खाली, वाच. मरायची आसंल तर मरंल. पर आपून दोघं बसू की तिच्याजवळ."
कोकरू ओरडतंय. एवढं लिहून खाली जातोय.