चौदा एमबीचा नवरदेव

१२ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत. वेब डिझायनर माणसाने घरच्यासारखं मले-तुले लिहू नये.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट करायचं काम मला मिळालं. समितीचे अध्यक्ष मोतीलालभाऊ स्वतः माझ्या तुमसरच्या दुकानात आले. पाटीवर 'एल. डी. डिजिटल' लिहिलं आहे. खाली झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, पण ते मुद्दाम बारीक अक्षरात. मेळावा नऊ फेब्रुवारीला. त्याआधी सगळ्या पोरापोरींचे फोटो साइटवर चढले पाहिजेत, म्हणजे लोक घरीच बघून ठेवतील.

त्यात माझाही फोटो राहणार. लिलाधर, वय छत्तीस (साइटवर एकतीस). आई म्हणाली, यंदा नाई जमलं तं मी कोणाच्याच लग्नात तोंड दाखवाले जाणार नाई. तिला इंटरनेटची ताकद माहीत नाही. संकल्प: या उन्हाळ्यात लग्न. दुसरा संकल्प: सकाळी चालायला जाणे.

१४ जानेवारी
थंडी फार. चालणं संक्रांतीनंतर.

मोतीलालभाऊंचा एकच हेका, साइट हलकी पाहिजे. नाकाडोंगरीकडे जंगल, नेट तिथं रांगत जातं. त्यांना समजावलं की मी फोटो एडिटरमध्ये एक प्लगइन बसवलं आहे. स्लायडर डावीकडे ओढला की फोटोचं वजन उतरतं. पडद्यावर एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला दाबलेला, खाली केबी लिहून येतात. भाऊ म्हणाले, म्हणजे कपड्याले इस्त्री करतो तसं का जी? म्हटलं, तसंच समजा.

नियम केला. प्रत्येक फोटो तीस केबीच्या आत. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, सगळ्यांना एकच नियम.

१६ जानेवारी
नाकाडोंगरीच्या नत्थूभाऊंच्या पोरीचा फोटो आला. डिंपल. बी.ए. झाली आहे, गावात शिवणकामाचे क्लास घेते. तलावाच्या पाळीवर उभी आहे, ऊन सरळ तोंडावर, तरी डोळे मिटले नाहीत. बापा!

तिचा फोटो पंचेचाळीस केबी ठेवला. नियम मोडला असं नाही. मागे तलाव आहे आणि पाणी जास्त दाबलं की त्याचे ठिपके होतात. हे टेक्निकल आहे.

कारध्याच्या अमरचाही फोटो आला. नदीवर मासे धरतो, एका तलावाचा ठेकाही आहे म्हणे. उंच आहे. दात फार दाखवतो. स्लायडर पार पाचावर नेला. फोटो नऊ केबीचा झाला. नेटवर्कच्या हितासाठी कोणीतरी त्याग केला पाहिजे.

१८ जानेवारी
स्वतःचा फोटो काढला. निळा सूट, हातात घड्याळ, मागे दुकानातला धबधब्याचा पडदा. चौदा एमबी.

प्लगइनमध्ये घातला. तीस केबीला आणला तर मिशी आणि ओठ एक झाले आणि घड्याळाचे काटे गेले. ज्याने साइट बनवली त्याचाच फोटो असा? लोक काय म्हणतील? माझा फोटो न दाबता टाकला. फुल एचडी. झूम केलं तर घड्याळातली वेळसुद्धा वाचता येते. पोरीकडच्यांनी झूम करूनच बघावं.

आईला दुकानात आणून दाखवला. टक्कन उघडला. (फाइल त्याच कॉम्प्युटरवर आहे, पण तो मुद्दा वेगळा.) आईचे डोळे भरून आले. म्हणाली, लिल्या, असाच राहत जा न रोज.

२१ जानेवारी
साइट चालू झाली! आपापला मोबाइल नंबर टाकून लोक आत येतात. कोणत्या नंबरवरून कोणाचं पान उघडलं ते फक्त मला दिसतं. मोठी जबाबदारी आहे.

तक्रारी किरकोळ. बेबीबाईंचा फोन आला की माह्या पोरीच्या गालावरचा भाजल्याचा डाग गेला कुठी? मी सॉरी म्हणणार तेवढ्यात म्हणाल्या, राहू दे, राहू दे, हात नको लावू. मोतीलालभाऊ म्हणाले, अमरचं तोंड फरशी बसवल्यावानी दिसून राहिलं. म्हटलं, भाऊ, हा सॉफ्ट लुक आहे, मोठ्या शहरांत हेच चालतं.

बाबांनी त्यांच्या मोबाइलवर पाहिलं. म्हणाले, तुह्या फोटोच्या जागी राखडी चौकोन आहे, आन् त्यात काहीतरी गोल गोल फिरून राहिलं. बाबांचा मोबाइल जुना. नजरही जुनी. त्यांना म्हटलं, थोडं थांबा. ते चहा पिऊन आले, आंघोळ करून आले, मग जाळं घेऊन मासे धरायला निघून गेले. बाबांमध्ये पेशन्स नाही.

२४ जानेवारी
नाकाडोंगरीच्या नत्थूभाऊंच्या नंबरवरून आज माझं पान उघडलं. एकदा नाही, आठ वेळा!

२५ जानेवारी
आज पुन्हा. सकाळी उघडलं, दुपारी उघडलं, संध्याकाळी तर लागोपाठ. अमरचं पान त्या नंबरवरून फक्त एकदा उघडलं. एकदा! बघितलं आणि बंद केलं. नऊ केबीत माणसाने बघावं तरी काय?

एवढ्या वेळा बाप काही उघडणार नाही. ती डिंपलच आहे.

२७ जानेवारी
आईला सांगितलं. सांगायला नको होतं. तिने पेटीतून हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं आणि शेजारच्या सखाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, येवढ्या खेपा पाहून राहिली तं फोन काहून नाई करत बापा? म्हटलं, लाजते. आई म्हणाली, तुह्या बाले मी एकाच नजरेत पाह्यलं होतं.

आपण फोन करायचा नाही, असं ठरवलं. आपली किंमत राहते. तोवर वजन चार किलो उतरवायचं. चालणं उद्यापासून नक्की.

३० जानेवारी
चाललो नाही. कुत्रे फार झालेत. तिने आज सहा वेळा पाहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार
कालपासून एकदाही उघडलं नाही.

नेट गेलं असेल. पण त्याच नंबरवरून बेबीबाईच्या पोरीचं पान उघडलं, दुसऱ्या दोघांचं उघडलं. माझंच नाही. जेवण गेलं नाही. आईनं दोनदा विचारलं, काय झालं? म्हटलं, ॲसिडिटी.

विचार केल्यावर समजलं. माझा चेहरा आता तिला पाठ झाला आहे. पाठ झालेली गोष्ट कोण पुन्हा पुन्हा उघडते?

तरी मन लागून नाही राहिलं.

५ फेब्रुवारी
काल अमरचं पान. आज पुन्हा अमरचं पान.

बाबा जेवताना म्हणाले, समितीतल्या दोघातिघांनी मले इचारलं, लिलाधरच्या फोटोचं का झालं? मी म्हटलं, मोबाइल बदला म्हणा त्यांना. मग ताट सारून दुकानात गेलो. प्लगइन उघडलं. आपलाही फोटो थोडा हलका करावा का? स्लायडर ओढला. काटे गेले. ओढला तसा परत नेला आणि बंद केलं. चार दिवसांनी ती मला प्रत्यक्षच पाहणार आहे. स्टेजवर मी फुल एचडीच असणार.

९ फेब्रुवारी, मेळावा
काय लिहू?

साइट हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर दाखवायची, ही कल्पना माझीच. प्रत्येकाचं नाव पुकारायचं, पडद्यावर फोटो, मग तो उठून दोन शब्द बोलणार. कॉम्प्युटर मीच चालवत होतो, नेट मोतीलालभाऊंच्या मोबाइलचं. सगळ्यांचे फोटो टकाटक आले. अमरचा पडद्यावर एवढा मोठा झाला की नुसते चौकोन. लोक हसले. मीही हसलो. तो उठला आणि म्हणाला, मी याच्यापेक्षा थोडा बरा दिसतो जी. पूर्ण हॉल हसला. डिंपल सगळ्यात जास्त हसली. मी पाहिलं.

मग माझं नाव. पडद्यावर राखडी चौकोन. मधात गोल फिरून राहिलं. फिरून राहिलं, फिरूनच राहिलं. मले वाटलं वायर सुटली. मी टेबलाखाली शिरलो. वरून मोतीलालभाऊ पुकारून राहिले, लिलाधर, लिलाधर कुठी आहे? तोंडात टॉर्च होता, बोलू कसा? बाहेर निघालो तोपर्यंत पुढचं नाव पुकारून झालं होतं. निळा सूट गुडघ्यावर मळला.

आई पहिल्या रांगेत हिरवं लुगडं नेसून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मेळाव्यातल्या नेटची समितीकडे लेखी तक्रार करणार.

१६ फेब्रुवारी
अमर आणि डिंपल. पक्कं झालं. मोतीलालभाऊंनी फोनवर सांगितलं, वर अभिनंदनही केलं. म्हणाले, तुह्या साइटचं पहिलं लग्न!

आईनं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. चार शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. मले रडू आलं, मी मोरीत जाऊन नळ सोडला. छत्तीस वर्षाच्या माणसाले कायले रडू येते? काहून पाहत होती मग ती एवढ्या खेपा? कायले?

तक्रार लिहिली नाही. मूड नाही.

२ मार्च, रविवार
आज बाजाराचं काम आटोपून डिंपल आणि तिची आई आनंदाबाई दुकानात आल्या. लग्नपत्रिका करायची होती, मोबाइलवर पाठवायला. मी काउंटरच्या मागे. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी, तिने मला कधी पाहिलंच नाही.

पाटी पाहून म्हणाली, ते साइटवाले तुमीच का जी? हो म्हटलं. तर म्हणाली, बाकी सगळं मस्त होतं, एकच फोटो कधी उघडलाच नाही. कोणी लिलाधर म्हणून होता. बाबाले तोच पसंत होता, घरचं दुकान, तुमसरात राहणं. आमच्याकडे नेट फक्त तलावाच्या पाळीवर येते. मी रोज शिलाई सोडून पाळीवर जात होती. उघडला की चौकोन, पुन्हा उघडला की पुन्हा चौकोन. मोबाइल डोक्यावर धरून पाह्यला. मेळाव्यात नाव पुकारलं तरी गडी उभा नाही झाला. आनंदाबाई म्हणाल्या, ज्याले तोंड दाखवाची लाज, त्याले पोरगी कोण देईन?

माझ्या तोंडून निघून गेलं, अमरचा फोटो तरी कुठे धड होता?

डिंपल हसली. चौकोनच होते म्हणाली, पण लगेच आला. आन् त्या चौकोनातही हसून राहिला होता.

मी मान खाली घालून काम केलं. दोघांचा फोटो पत्रिकेत बसवला, प्लगइन उघडलं, स्लायडर हळूहळू ओढला. चाळीस केबी. अमरचे दात सगळे शाबूत, डिंपलच्या साडीचा काठ दिसतो, अक्षरं स्वच्छ. एवढं चांगलं काम मी आजपर्यंत केलं नव्हतं. तिच्या मोबाइलवर पाठवलं. टक्कन उघडलं.

खूश झाली. आईला दाखवलं, पिशवी उचलली, पायरीपर्यंत गेली आणि वळून म्हणाली, भाऊ, असंच त्या लिलाधरचंही करून द्या न जी. बिचाऱ्याचंही जमन कुठीतरी.

म्हटलं, देतो करून.