तुमचे दंड आणि माझी छाती

बाबा, गेल्या महिन्यात मी अमरावतीला छातीचं ऑपरेशन करून घेतलं. हृदयाचं नव्हे. हृदय ठणठणीत आहे. आपल्या घराण्यात त्याचा वापरच फारसा होत नाही. बाईसारखी वाढलेली माझी छाती, जिच्यावर अकोल्याच्या तुमच्या आखाड्यात तुम्ही पाच वर्षं हसलात आणि इतरांना हसवलंत, ती काढून टाकली. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षं आपले नातेवाईक सांगत फिरतात की वस्तादाच्या एकुलत्या एक पोराने बापाच्या सरणाला आग दिली नाही. खरं आहे ते. का दिली नाही, हे त्यांना ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही जन्मात कोणाचं पूर्ण ऐकून घेतलं नाहीत. आता इलाज नाही, ऐका.

मी तेरा वर्षांचा असेन. उजव्या बाजूला आधी सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं, मग डावीकडेही. शर्ट घासला तरी ठणकायचं. आईला सांगितलं आणि तिने तुम्हाला सांगितलं, ही तिची चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यात लाल मातीच्या कडेला तुम्ही मला उभं केलंत. पंधरावीस पोरं लंगोट कसून उभी आहेत, तुमच्या हातात ती वेताची छडी आहे, आणि तुम्ही छडीच्या टोकाने माझी छाती उचलून दाखवता. "पाहा बे, वस्तादाच्या घरी पोट्टी जन्मली! काहून रे, दूध पाजतं का कोणाले?" पोरं हसली. हसणं भागच होतं त्यांना, नाहीतर छडी त्यांच्याकडे वळली असती. मग तुम्ही निदान केलंत: आळसाची चरबी हाय. आणि औषधही लगेच दिलंत. रोज पाचशे दंड, उघड्या अंगाने, सगळ्यांसमोर. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तुमच्याकडे दंड हेच औषध होतं. आईच्या दम्यावरही तुम्ही तिला बैठका सांगितल्या होत्या, विसरलात का?

मी दंड मारले. तुम्हाला वाटलं चुकवतो, पण नाही, एकेक मोजून मारला. गंमत अशी की दंडांनी छातीचा स्नायू खालून भरत गेला आणि त्याने वरची गाठ आणखी पुढे ढकलली. जितके दंड जास्त, तितकी छाती जास्त. तुम्ही ते पाहिलंत आणि त्याचा अर्थ लावलात की पोट्टं कामचोर आहे. पाचशेचे आठशे केलेत. वर बदामाचं दूध आणि तूप, खुराक म्हणून. आपल्याकडे म्हणतात ना, रोग हल्याला अन् इंजेक्शन पखालीला, ते तुमच्याचसाठी म्हणत असावेत. आणि ती मालिश! गाठ रगडली की विरघळते, हे तुमचं शास्त्र. मोहरीचं तेल लावून अंगठ्याने तुम्ही ती गाठ रगडायचात आणि मी ओठ चावून छताकडे बघायचो. ओरडलो की "पैलवानाचं पोट्टं असून रडून राहिला!" पैलवान तुम्ही होतात, बाबा. मी फक्त तिथे राहायचो.

अमरावतीच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं ते ऐका. ही निव्वळ चरबी नाही, स्तनाची ग्रंथी आहे, ती पुरुषालाही असते. वयात येताना अनेक पोरांची वाढते आणि बहुतेकांची एकदोन वर्षांत आपोआप बसते. काहींची राहते. ज्यांची राहते, त्यांची व्यायामाने जात नाही. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, कुठली औषधं घेता, दारू किती, जिमची पावडर खाता का, सगळं विचारलं, म्हणजे दुसरं काही कारण नाही ना ते पाहिलं. मग मी मालिशचं सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "त्या वयात ती गाठ गळवासारखी दुखते. कोणी रगडली?" मी म्हटलं, होते एक अडाणी. शाळा शिकला नव्हतात म्हणून अडाणी म्हणत नाही हो. समोर पोर कळवळतंय आणि आपण चुकत असू ही शंका ज्याला पाच वर्षांत एकदाही शिवत नाही, तो अडाणी.

ऑपरेशनचं विचाराल तर तुमच्या एका सकाळच्या मालिशइतकंही ते दुखलं नाही. पूर्ण भूल दिली. बारीक छिद्रातून नळी घालून चरबी ओढली, स्तनाग्राच्या काळ्या कडेला अर्धगोल चीर देऊन ग्रंथी काढली. दुसऱ्या दिवशी घरी. छाती काळीनिळी आणि सुजलेली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की आरशात पाहून घाबरू नका, खरा आकार दिसायला काही महिने लागतात. सहा आठवडे रात्रंदिवस अंगात एक घट्ट बंडी, जड उचलायचं नाही, हात वर ताणायचे नाहीत आणि, हे तुम्हाला आवडेल, दंड तर अजिबात मारायचे नाहीत. कातडी काही ठिकाणी अजून बधिर आहे, तिथली जाणीव हळूहळू परत येईल म्हणतात. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा बायको समोर होती. अठरा वर्षांच्या संसारात तिने मला उजेडात बनियनशिवाय पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी इतके वर्स कोंडून घेतलं तुमी? मले तरी सांगाचं ना." सांगितलं की लोक हसतात, हे मला तुम्ही शिकवलं होतं.

आता स्मशानाचं. तुमच्या डोक्यातली नस फुटली आणि तुम्ही दुपारपर्यंत गेलात. मी अमरावतीहून पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. मोर्णा नदीच्या काठी अख्खा आखाडा जमला आहे, तुम्ही घडवलेले सगळे गडी, सपाट छातीचे. माझं डोकं भादरून झालं आहे, मडकं भरून ठेवलं आहे. काका पुढे येतात, "शर्ट काढ, बनियन काढ, पंचा गुंडाळ. बापाले उघड्या अंगानं आग द्या लागते." मी म्हणतो, शर्टातच देतो. "लग्नात आला का बे तू?" म्हणून ते माझ्या कॉलरला हात घालतात आणि एक बटण तुटतं. मी त्यांचा हात झटकला आणि मागे सरलो. कोणीतरी म्हणालं, बापावरचा राग अजून गेला नाही याचा. शेवटी काकांच्या पोराने मडकं घेतलं, तीन फेरे घातले आणि तुम्हाला आग दिली. त्याची छाती छान आहे. तुम्ही नेहमी कौतुक करायचात.

रागाची ती गोष्ट मी पुढे कधी खोडून काढली नाही. उलट वापरली. बापावर चिडलेला पोरगा म्हटलं की लोक जरा वचकून असतात. लाजलेल्या पोराची फक्त टिंगल होते. आई गेली तीही हेच समजून गेली. या बाबतीत मी शंभर टक्के तुमचा मुलगा आहे, खोटं का होईना, लोकांना वचकात ठेवणारा.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही. असता तरी "छाती" हा शब्द वाचून तुम्ही ते कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवलं असतंत. तरी एक सांगून टाकतो. त्या दिवशी अमरावतीहून निघताना मी शर्टाच्या आत दोन बनियन घातले होते, एकावर एक, घट्ट. एसटीत बसून मनात ठरवत होतो की काढ म्हणाले तर फक्त शर्ट काढायचा, बनियन राहू द्या म्हणून काकांच्या पाया पडायचं. पाया पडायचं तिथे मी त्यांचा हात झटकला. मला तुम्हाला आग द्यायची होती, बाबा.